फाशी दुर्मीळ झाली, फाशीची शिक्षा नाही: चंद्रपूरचा पिंपळ, नागपूरचं फाशी यार्ड आणि मधली 167 वर्षं

माजरी जंक्शनवरून दक्षिणेकडे निघालेली गाडी भांदक, ताडाळी करत चंद्रपूरला पोहोचते. उत्तरेकडची गाडी वरोरा, हिंगणघाट मागे टाकत नागपूरच्या वाटेला लागते. कोळशाच्या खाणींमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या दोन्ही दिशांना एकेक तुरुंग आहे आणि दोन्ही तुरुंगांचा फाशीशी संबंध आहे.

चंद्रपूरच्या कारागृहाच्या आवारात 21 ऑक्टोबर 1858 रोजी बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांना पिंपळाच्या झाडाला फाशी देण्यात आली. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहात 30 जुलै 2015 रोजी याकूब मेमनला फाशी देण्यात आली. महाराष्ट्रात त्यानंतर आजवर कुणालाही फाशी झालेली नाही. देशातली शेवटची फाशी 20 मार्च 2020 रोजी तिहारमध्ये झाली, निर्भया प्रकरणातल्या चौघांना.

मग भारतातून फाशी हळूहळू संपत चालली आहे का? जल्लादाकडून पाहिलं तर उत्तर 'हो' असं येतं. सत्र न्यायालयाकडून पाहिलं तर 'अजिबात नाही' असं येतं. या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत आज साडेपाचशेहून अधिक माणसं कोठडीत बसून आहेत. 25 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्याच एका प्रकरणात दिलेला निकाल या मधल्या जागेबद्दल आहे.

नागपूरच्या प्रकरणात काय झालं?

एप्रिल 2008. नागपूरला लागून असलेल्या वाडी परिसरात चार वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून दगडाने ठेचून तिचा खून करण्यात आला. शेजारी राहणाऱ्या वसंता संपत दुपारे याला अटक झाली. 2012 मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती कायम केली. नोव्हेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. मे 2017 मध्ये फेरविचार याचिका फेटाळली गेली. राज्यपालांनी दयेचा अर्ज नाकारला, मग 2023 मध्ये राष्ट्रपतींनीही नाकारला.

कायद्याच्या पुस्तकातल्या सगळ्या पायऱ्या संपल्या होत्या. अशा वेळी साधारणपणे उरतं ते फक्त तारीख ठरणं.

पण दुपारेच्या वतीने थेट राज्यघटनेच्या कलम 32 खाली याचिका दाखल झाली. मूलभूत हक्कांचा भंग झाला तर कोणत्याही नागरिकाला सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, ते हे कलम. युक्तिवाद असा होता: मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' या निकालात फाशी देण्याआधी काय काय तपासलंच पाहिजे, हे ठरवून दिलं. आरोपीची मानसिक स्थिती, त्याचं लहानपण, घरची परिस्थिती, शिक्षण, तुरुंगातली वागणूक. ही माहिती सरकारी पक्षाने आणि बचाव पक्षाने खटल्याच्या टप्प्यावरच न्यायालयासमोर ठेवायची. दुपारेच्या वेळी यातलं काही झालंच नव्हतं. मग ज्याला 2011 मध्ये फाशी सुनावली त्याचा जीव कमी तपासणीवर जायचा आणि ज्याला 2023 मध्ये सुनावली त्याचा जास्त तपासणीवर, हे कसं?

न्यायमूर्ती विक्रम नाथ, संजय करोल आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने हा मुद्दा मान्य केला. दोष कायम राहिला. तो गुन्हेगार आहे की नाही, हा प्रश्न आता उघडणार नाही. पण शिक्षा किती, या मुद्द्यावर नव्याने सुनावणी घ्यायची, असा आदेश झाला. सरसकट सगळ्या जुन्या फाशीची प्रकरणं या निकालाने उघडत नाहीत. ज्यात मनोज निकालातल्या तपासणीचा ठळक भंग झाला आहे, अशाच प्रकरणांसाठी हा दरवाजा आहे, असंही न्यायालयाने बजावलं.

सोशल मीडियावर या बातमीखाली सर्वाधिक दिसलेली प्रतिक्रिया अंदाज करता येण्यासारखी होती: सतरा वर्षं झाली, अजून सुनावणीच? ही चीड खोटी नाही. त्या मुलीच्या घरच्यांसाठी प्रत्येक तारीख म्हणजे जखमेची खपली निघणं. पण प्रश्न हा आहे, की ती सतरा वर्षं गेली कशात?

1858 मध्ये महिनाभर पुरला

उशिराचा राग येतो तेव्हा झटपट न्याय कसा असतो, हेही पाहायला हवं. त्यासाठी चंद्रपूरच्या त्या पिंपळाखाली परत जावं लागेल.

1858 च्या मार्चमध्ये चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिल्यांची फौज उभी करून राजगड परगण्यावर ताबा मिळवला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. 29 एप्रिलला प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी इथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला आणि गार्टलँड व हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. कॅप्टन क्रिक्टनने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. त्यांच्याच माणसांकरवी बाबुराव पकडले गेले आणि 18 सप्टेंबरला चांद्याला आणले गेले. खटला चालला. 21 ऑक्टोबरला फाशी झाली. पकडून आणल्यापासून फाशीपर्यंत 33 दिवस. बाबुराव 25 वर्षांचे होते.

व्यंकटराव मात्र बस्तरकडे निसटले. तेही पुढे पकडले गेले, पण तोवर बंड शमलं होतं. त्यांना फाशी झाली नाही, जन्मठेप झाली.

एकच उठाव, एकच सरकार, एकच जिल्हा. एकाचा जीव गेला, दुसऱ्याचा राहिला. यातला फरक किती गुन्ह्याचा होता आणि किती पकडले जाण्याच्या तारखेचा? बाबुराव आज चंद्रपूर-गडचिरोलीत शहीद म्हणून पूजले जातात, 21 ऑक्टोबरला लोक त्या पिंपळापाशी जमतात. राज्यसत्तेने ज्याला गुन्हेगार ठरवून संपवलं त्याला समाजाने नंतर वेगळ्याच जागी बसवलं, याचं हे विदर्भातलं सगळ्यात जवळचं उदाहरण. दुपारेच्या गुन्ह्याशी याची तुलना अर्थातच होऊ शकत नाही. तारखेचा प्रश्न मात्र दोन्हीकडे तोच आहे.

नियम होता फाशीचा, अपवाद जन्मठेपेचा

आज आपण 'दुर्मिळातील दुर्मीळ' हा शब्दप्रयोग इतक्या वेळा ऐकतो, की कायदा आधीपासूनच असा होता असं वाटतं. तसं नव्हतं. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खुनासारख्या गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणं लिहावी लागत. म्हणजे फाशी हा नियम आणि जन्मठेप हा अपवाद. 1955 च्या दुरुस्तीने ही अट गेली. 1973 च्या नव्या संहितेने पारडं पूर्ण उलटं केलं: आता फाशी द्यायची असेल तर 'विशेष कारणं' लिहायची. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेवर वेगळी सुनावणी घेणंही त्याच संहितेने बंधनकारक केलं.

मे 1980 मध्ये 'बचन सिंग' निकालात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फाशी घटनाबाह्य नाही, पण ती दुर्मिळातील दुर्मीळ प्रकरणातच आणि जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तेव्हाच द्यावी, असं ठरवलं. गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहा, हा त्याचा गाभा. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी एकट्याने विरोधी मत दिलं. फाशी कुणाला होईल हे कोणत्या न्यायाधीशांसमोर प्रकरण येतं यावर ठरतं, म्हणून ती मनमानी आहे, असा त्यांचा आक्षेप होता.

भगवतींचं म्हणणं किती खरं होतं, हे कळायला महाराष्ट्रालाच एक जबर किंमत मोजावी लागली.

तेरा दिवसांचं अंतर

जून 2003 मध्ये नाशिकजवळ एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, महिलांवर अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, तिघांची जन्मठेपेत बदलली. 30 एप्रिल 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली.

हा निकाल ज्या जुन्या 'रावजी' निकालाच्या वाटेने गेला, त्यात गुन्हेगाराकडे न पाहता फक्त गुन्ह्याकडे पाहावं, असं म्हटलं होतं. बचन सिंगच्या थेट उलट. आणि 13 मे 2009 रोजी, म्हणजे बरोबर तेरा दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने पुण्यातल्या एका अपहरण-खून प्रकरणात (संतोषकुमार बरियार निकाल) सांगितलं, की रावजी निकाल बचन सिंगकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता, तो चुकीचा आहे. त्या चुकीच्या निकालातल्या रावजीला राजस्थानात 1996 मध्येच फाशी होऊन गेली होती.

2012 मध्ये 14 निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. चुकीच्या निकालाच्या आधारे 13 जण फाशीच्या दारात उभे आहेत, त्यांची शिक्षा बदला, असं त्यात म्हटलं होतं. नाशिक प्रकरणातले सहा जण त्यात होते. त्यांच्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचंच नंतर निष्पन्न झालं.

आणि मग 5 मार्च 2019. सर्वोच्च न्यायालयाने आपलाच दहा वर्षांपूर्वीचा निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं. शिक्षा कमी केली नाही, निर्दोष सोडलं. वाचलेल्या महिलेने पोलिसांकडच्या फोटोंमधून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला 5 लाख रुपये भरपाई देण्याचे आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाईचे आदेश झाले. तोवर सोळा वर्षं गेली होती.

33 दिवसांचा न्याय 2003 मध्ये लागू असता तर 2019 चा निकाल वाचायला त्यातलं कुणीही उरलं नसतं. आणि ज्यांनी खरोखर ते घर उद्ध्वस्त केलं, ते कोण होते?

पुण्यातल्या आणखी एका प्रकरणात, 1994 च्या सात जणांच्या हत्याकांडात, एक दोषी 28 वर्षं तुरुंगात काढून मार्च 2023 मध्ये सुटला. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेचा हा प्रश्न होता. त्याला इतकी वर्षं लागली.

आकडे काय सांगतात?

दिल्लीच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतल्या 'प्रोजेक्ट 39ए' या गटाने केलेल्या नोंदींनुसार 2024 मध्ये देशातल्या सत्र न्यायालयांनी 139 जणांना फाशी सुनावली. त्या वर्षाच्या अखेरीस फाशीच्या छायेत असलेल्या कैद्यांची संख्या 564 होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने एकही फाशी कायम केली नाही. आधीच्या वर्षी, 2023 मध्येही नाही. या शतकात भारतात प्रत्यक्षात फाशी गेलेल्यांची संख्या आहे आठ.

याच गटाच्या 2016 च्या मोठ्या अहवालात जुन्या प्रकरणांचा शेवट काय झाला हेही तपासलं होतं. सत्र न्यायालयात फाशी झालेल्या शंभरातल्या साधारण पाच जणांचीच शिक्षा वरपर्यंत टिकली. तीसच्या आसपास लोक निर्दोष सुटले. उरलेल्यांची शिक्षा कमी झाली. तसंच फाशीच्या कैद्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले होते.

कुठल्याही खात्यात शंभरातले पंचाण्णव निर्णय वरिष्ठांनी फिरवले असते तर त्या खात्याची चौकशी लागली असती. इथे मात्र दरवर्षी तेवढ्याच जोमाने नव्या शिक्षा सुनावल्या जातात. याचं एक साधं कारण आहे. सत्र न्यायाधीश त्याच शहरात राहतो जिथे मोर्चा निघालेला असतो. शिक्षेवरची सुनावणी अनेकदा दोष सिद्ध झाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उरकली जाते. आरोपीचा वकील बऱ्याचदा विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला असतो. गडचिरोलीच्या आतल्या तालुक्यातल्या माडिया बोलणाऱ्या माणसाचं लहानपण, त्याची प्रकृती, त्याचं गाव समजून घ्यायला एका दिवसात कोण जाणार? शिवाय फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही. चंद्रपूर किंवा गडचिरोलीच्या न्यायालयाने फाशी दिली तर फाइल आपोआप नागपूर खंडपीठाकडे जाते. वर कुणीतरी पाहणारच आहे, ही सोयही खालच्या न्यायालयाला असते.

सरकारचा उशीर

कैद्यांनी अर्जावर अर्ज करून वेळ काढला, असा समज आहे. कोल्हापूरच्या गावित बहिणींचं प्रकरण पाहा. लहान मुलांचं अपहरण आणि खून, महाराष्ट्र हादरवणारा गुन्हा. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फाशी कायम केली. दयेचा अर्ज मात्र साडेसात वर्षांहून जास्त काळ सरकारी टेबलांवर फिरत राहिला. जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या दिरंगाईबद्दल सरकारला फटकारून शिक्षा जन्मठेपेत बदलली. पुण्यातल्या बीपीओ कर्मचारी तरुणीच्या 2007 च्या बलात्कार-खून प्रकरणात फाशीची तारीखही ठरली होती, 24 जून 2019. तिथेही चार वर्षांहून अधिक विलंब झाल्याने उच्च न्यायालयाने शिक्षा 35 वर्षांच्या कैदेत बदलली आणि डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. रोज सकाळी आज बोलावणं येईल का, या भीतीत वर्षानुवर्षं ठेवणं ही स्वतंत्र शिक्षा आहे, असं 2014 च्या 'शत्रुघ्न चौहान' निकालापासून कायदा मानतो.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत दयेच्या अर्जासाठी मुदती घातल्या आहेत. त्याच दिवशी आलेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र फाशीयोग्य गुन्ह्यांची यादी वाढवली. झुंडबळीसारखा गुन्हा त्यात आला. महाराष्ट्राने त्याआधीच, 2021 मध्ये, बलात्कारासाठी फाशीची तरतूद असलेलं 'शक्ती' विधेयक विधिमंडळात मंजूर केलं होतं. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही.

फाशीची मागणी कोण करतं?

इथे प्रश्न अवघड होतो, आणि तो टाळून चालणार नाही. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली तेव्हा अनेक दलित कार्यकर्त्यांना वाटलं, की या देशात दलिताच्या जिवाची पहिल्यांदाच पूर्ण किंमत धरली गेली. जुलै 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने ती 25 वर्षांच्या कैदेत बदलली, तेव्हा संताप उसळला. तो संताप फाशी कमी झाल्याचा होता, तसाच जातीय अत्याचार म्हणून या हत्याकांडाकडे पाहिलंच गेलं नाही, याचाही होता.

आणि तरीही ज्यांच्या नावाने ती चळवळ उभी होती त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिका काय होती? 3 जून 1949 रोजी संविधान सभेत फाशीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा हक्क द्यावा का, यावर चर्चा सुरू होती. बाबासाहेबांनी तेव्हा सांगितलं, की त्यापेक्षा आपण फाशीच रद्द करण्याच्या बाजूने उभे राहू. हा देश अहिंसेवर विश्वास ठेवणारा आहे, असं कारण त्यांनी दिलं. सभेने ते केलं नाही.

कोपर्डीतही फाशीची मागणी करत लाखोंचे मोर्चे निघाले. नोव्हेंबर 2017 मध्ये तिघांना फाशी सुनावली गेली. त्यातल्या एकाने 2023 मध्ये येरवडा तुरुंगात आत्महत्या केली.

जग कुठे आहे?

ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदीनुसार 1977 मध्ये फाशी पूर्ण रद्द केलेले देश 16 होते, 2024 च्या अखेरीस 113. झिम्बाब्वेने 2024 च्या शेवटच्या दिवशी ती रद्द केली. पण त्याच वर्षी जगात किमान 1,518 जणांना देहदंड दिला गेला, 2015 नंतरचा सर्वांत मोठा आकडा. त्यातले बहुतेक इराण, सौदी अरेबिया आणि इराकमध्ये. चीनचा आकडा गुप्त असल्याने यात धरलेलाच नाही.

आपल्या शेजारीच एक विसरलेलं उदाहरण आहे. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठी फाशी 1867 मध्येच रद्द केली आणि 1870 मध्ये हा नियम वसाहतींनाही लावला. म्हणजे बाबुराव शेडमाकेंना चांद्यात फाशी झाली त्यानंतर बारा वर्षांत गोव्यातून सर्वसाधारण गुन्ह्यांसाठीची फाशी गेलेली होती. ती परत आली 1961 नंतर, भारतीय कायद्यांसोबत.

भारतात कायदा आयोगाने ऑगस्ट 2015 मध्ये, न्यायमूर्ती ए. पी. शाह अध्यक्ष असताना, दहशतवादाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली. त्यानंतर फाशीयोग्य गुन्हे वाढलेच आहेत. शिक्षेवरची सुनावणी नेमकी कधी, किती वेळाची आणि कशी घ्यायची, हा प्रश्न सप्टेंबर 2022 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

दुपारेच्या नव्या सुनावणीत न्यायालयासमोर काय येईल, हे मनोज निकालात लिहिलेलं आहे: मानसिक तपासणीचा अहवाल, तुरुंगातल्या वर्षांचा अहवाल, घरादाराची, शिक्षणाची, कामधंद्याची माहिती. 2008 सालच्या नागपुरात ही माहिती गोळा करायला जेवढा खर्च आला असता, त्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा आणि वेळ ती न करण्यात गेला आहे. वाडीतल्या त्या कुटुंबाची वर्षं त्यात धरलेली नाहीत.